पान चारवरची सुदामती

सुदामती, तू गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही भर बाजारात, हातात मेथीची जुडी असताना. आपल्या वर्गात पेटी वाजवणारे रंगनाथमामा समोरून आले, टोपी काढली आणि म्हणाले, "म्याडम, सुदामती वारली. परवा." तोवर तुझी राखसुद्धा सावडून झाली होती. मी मामांवरच खेकसले, मला का नाही कळवलं म्हणून. सत्तरीचा माणूस, खाली मान घालून म्हणाला, "सोयऱ्याधायऱ्यांला कळवत्यात म्याडम. तुमचं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई." मेथी तिथंच टाकून मी घरी निघाले. भाजीवाली मागून हाका मारत होती.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरते. चष्मा कपाळावर असतो आणि मी घरभर उलथापालथ करते. आमच्या ह्यांच्यावर विनाकारण डाफरते, ते बिचारे पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसतात. आणि दिवसभर डोक्यात तुझ्याशी भांडण चालू. त्यातही वैताग असा, की दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागतात. तुझी बाजू मला तुझ्यासारखी मांडता येत नाही गं. तू तीन शब्दांत मोकळी व्हायचीस, मला पानभर लागतं.

म्हणून लिहायला बसले. तू किती वर्षांची होतीस, मागे कोण कोण आहे, असं पेपरात छापून येतं तसलं काही मी लिहिणार नाही. आणि पेपरात तुझं येणारही नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

आपला वर्ग कुठं भरायचा, तर परळीतल्या एका पतसंस्थेच्या माडीवर. संस्थेची सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा, बाकी दिवस हॉल मोकळा, म्हणून संचालकांनी दिला. भिंतीला नळाचा पाइप आडवा ठोकला, तीच आमची दांडी. पोरी तिला धरून पाय उचलायच्या. परळीत बॅले म्हटल्यावर आधी लोक हसलेच. "हे कथक का?" नाही. "मग भरतनाट्यम?" तेही नाही. "मग पोरी अंगठ्यावर कशाला उभ्या करता बाई?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

शिकवणारे आपण तिघं, आणि तिघांच्या तीन तऱ्हा. मी इथल्याच धान्याच्या मोंढ्यातल्या आडत्याची मुलगी. आई लवकर गेली, म्हणून मला मुंबईला मावशीकडे शिकायला ठेवलं. मावशीच्या शेजारच्या इमारतीत एक पारशी बाई बॅले शिकवायच्या, तिथं मी सात वर्षं शिकले. मग लग्न होऊन परत परळीतच आले, थर्मल वीजकेंद्रातल्या इंजिनिअरच्या घरात. मामांनी चाळीस वर्षं सिरसाळ्याकडच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवलेली. आमच्या पोरींना ते अभंगाच्या चालीच वाजवायचे, लय तेवढी माझ्या सांगण्याप्रमाणे धरायचे. एकदा पुण्याहून आलेल्या कुणीतरी विचारलं, हे कुठल्या संगीतकाराचं? मामा म्हणाले, "आमच्याच गावचं हाय."

आणि तिसरी तू.

तू आलीस ते दुष्काळाच्या साली. आपल्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही त्या वर्षी. लांबचे कारखानेही महिन्याभरात आटोपले आणि दसऱ्यानंतर ऊसतोडणीला गेलेल्या टोळ्या अर्ध्यातून घरी आल्या. थर्मलचे संच पाण्यावाचून बंद, राखेचं तळं कोरडं ठक्क, वारा सुटला की गावभर राख. आपल्या हॉलच्या फरशीवर तिचा थर बसायचा आणि पोरी घसरायच्या. मामांनी त्यांच्या गावची म्हणून तुला झाडलोटीला आणलं. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "बादलीभर पाण्यानं फरशी पुसून घे." तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस.

"म्याडम, वाडीवर चार दिसाला टँकर येतो. पेयाला पुरंना. आन् तुमी फरशीला पाजता?"

मग गोणपाटाचे दोन तुकडे पायांखाली घेतलेस आणि पाय बाहेर वळवून, सरकत सरकत अख्खा हॉल पुसलास. कंबर हलली नाही, खांदे हलले नाहीत. पोरी दांडी सोडून बघत राहिल्या. मीही बघत होते, पण तुला ते कळू दिलं नाही.

आठवडाभरानं ती तांब्याची गोष्ट झाली. सगळ्यात धाकटी पोर एका पायावर उभी राहताना सारखी डुगडुगत होती आणि मी "मान सरळ! मान सरळ!" म्हणून घसा कोरडा करत होते. तू दारातून म्हणालीस, "मान मान नका वरडू म्याडम. मान म्हनलं की लेकरू मानंतच अडकून बसतं. पोटात धर म्हना." मी म्हटलं, "तुला काय कळतं गं यातलं?" एका फडक्याची चुंबळ केलीस, ती पोरीच्या डोक्यावर ठेवलीस, माझ्या टेबलावरचा तांब्या खिडकीतल्या राखेनं अर्धा भरलास आणि वर चढवलास. "सांडली तर तुलाच झाडाया लावीन. मानंला इसर. पोटात धर." पोर उभी राहिली. मामा पेटी वाजवायचे थांबले. मी बारा अंक मोजले आणि पुढं मोजायचं विसरले.

माझ्या पारशी बाई सात वर्षं हेच सांगत होत्या, इंग्रजीत. मला ते त्या दिवशी कळलं, मराठीत, झाडूवालीकडून. बघ, आत्ता लिहितानासुद्धा तुझ्यासाठी हाच शब्द हातातून उतरला. खोडत नाही. राहू दे, मला दिसू दे.

कुठं शिकलीस म्हणून विचारलं तेव्हा तू फळीचं सांगितलंस. उसाच्या ट्रकला तिरपी फळी लावतात, हातभर रुंदीची. डोक्यावर मोळी घेऊन तिच्यावरून चढायचं, वर मोळी टाकायची आणि उतरायचं, की पुन्हा दुसरी. मला वाटलं, वाढवून सांगतेस. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, ऊस उभा राहिला, तुमची टोळी सिरसाळ्याजवळच्या एका फडावर होती. मी मुद्दाम बघायला आले. तू मला पाहिलंस, पण मोळी वर पडेपर्यंत ओळखही दाखवली नाहीस. फळी तुझ्या पावलाखाली वाकत होती आणि तू नळावर पाणी भरायला निघाल्यासारखी वर जात होतीस. खाली येऊन म्हणालीस, "बघता काय? चढा की." मी चप्पल काढून दोन पावलं टाकली, फळी लवली, मी मुकादमाच्या अंगावर पडता पडता राहिले. सगळी टोळी हसली. परत जाताना तुझ्याजवळ मी पहिल्यांदा कबूल केलं, की मुंबईला मी तीनदा परीक्षेला बसले आणि तिन्ही वेळा तोल गेल्यानंच नापास झाले. हे ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "असू द्या. म्या बी दोनदा पडल्येय. एकदा तर मोळीसकट." आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. कुणाजवळ बोललीही नाहीस.

त्यानंतर प्रत्येक तासाचा पहिला अर्धा भाग तुझा झाला. कुणी ठरवलं नाही, झाला. पोरी आल्या की तुझा पहिला प्रश्न, "जेवून आलाव का?" न जेवलेली पोर तू दांडीला उभीच करायची नाहीस. माझ्याशी वाद घालायचीस, "टाचा देवानं टेकाया दिल्यात, ह्या पोरी उचलत्यात कावून?" मी समजावून सांगायचे, तुला पटायचं नाही, आणि तरी टाचा उचललेली पोर कुठं चुकते ते माझ्याआधी तुलाच दिसायचं. दसरा झाला की तू टोळीबरोबर जायचीस. उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचीस. मधले महिने मी नुसता आरडाओरडा करायचे आणि पोरी डुगडुगायच्या. चार वर्षं असं चाललं.

मग गेलं वर्ष. इथवर आले की माझं पेन अडतं. मघापासून दोनदा उठून पाणी पिऊन आले.

श्रावणात तू मला जिन्यात गाठलंस. पदराला हात पुसत म्हणालीस, "म्याडम, औंदा तोडनीला जात न्हाई म्हन्ते." मी म्हटलं, "फारच छान." तू म्हणालीस, "मालक आयकंनात. टोळीत नवरा-बायकूचा मिळून एक कोयता धरत्यात. म्या न्हाई गेले तर त्यांचा अर्धा कोयता पडतो, मुकादम घेत न्हाई. ते म्हनले, मास्तरीन असशील तर ऱ्हा, म्या दुसरं काम बघतो. झाडलोटीसाठी कोयता मोडनार न्हाई." मग म्हणालीस, "तुमी पुस्तक छापायलाव न्हवं? त्यात माझं नाव घाला. शिकिवती म्हून. ते त्यांला दावते."

वर्गाच्या स्नेहसंमेलनाची पुस्तिका निघत होती. आठ पानांची, पतसंस्थेच्या खर्चानं. पान चारवर 'आमचे शिक्षक आणि त्यांची पार्श्वभूमी'. मी "हो हो, घालते की" म्हटलं आणि जिना चढून वर गेले.

आणि मी काय छापलं ते तुझी लेक अर्चना तुला वाचून दाखवेपर्यंत तुला माहीत नव्हतं. पहिली मी, मुंबईत सात वर्षं प्रशिक्षण. नापास झाल्याचं अर्थातच नाही. दुसरे रंगनाथमामा, त्यांना मी 'शास्त्रीय संगीताचे जाणकार' करून टाकलं, ते वाचून मामाच गोंधळले. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'व्यवस्था : सौ. सुदामती'. आडनावसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तू पुस्तिका हातात घेऊन आलीस. रागावलेली नव्हतीस, तेच मला सहन झालं नाही. "कावून म्याडम?" एवढंच विचारलंस. मी बडबडत सुटले. प्रमुख पाहुण्या पुण्याच्या आहेत, संचालक मंडळ येणार, पालक मोठ्या घरचे, ऊसतोडीची बाई आपल्या पोरींना शिकवते म्हटल्यावर पोरी काढून घेतील, वर्ग बंद पडेल, मग तुझंही काम जाईल. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं," असंसुद्धा म्हटलं मी. तू विचारलंस, "कुनी म्हनलं का तसं?" मी म्हटलं, "म्हणत नाहीत, पण म्हणतील." तू पुस्तिकेची नीट घडी घातलीस, कनवटीला लावलीस आणि खुर्च्या मांडायला गेलीस.

त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत तू व्यवस्थाच पाहिलीस. खुर्च्या मांडल्यास, खिडक्या पुसल्यास, पोरींच्या चपला ओळीनं लावल्यास. पोरी "मावशी, डोक्यावर तांब्या ठेवा ना" म्हणून मागं लागायच्या, तू म्हणायचीस, "म्याडमला इचारा. माझ्याकडं व्यवस्था हाय." आवाज चढला नाही, तोंड वाकडं केलं नाहीस, एक दिवस खाडा नाही. मी रोज ठरवायचे, आज माफी मागू. रोज वाटायचं, थोडी गार होऊ दे. अगं, तू गरम झालीच कुठं होतीस! गार व्हायचं होतं ते मला. मनात तुलाच बोलायचे, एवढा कसला ताठा, म्हणून. दसऱ्यानंतर तू टोळीबरोबर गेलीस. जाताना हॉलची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "येते." मी वहीतून डोकं वर काढलं नाही.

फडावर तुला कावीळ झाली. पाचटाच्या कोपीत पडून अंगावर काढलीस, हंगाम संपेपर्यंत. परत आलीस तेव्हा मला निरोप आला होता, की सुदामती बरी नाही. मी म्हटलं, रविवारी जाऊ. रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी यायचं ठरलं होतं, आणि मंगळवारी मामा बाजारात भेटले.

नाव छापलं असतं तर तू राहिली असतीस. राहिली असतीस तर कदाचित जगली असतीस. हे मला कुणी म्हणत नाही, सगळे समजूत घालतात, आजार कुणाच्या हातात असतो का, म्हणतात. म्हणू देत. मला झोप लागत नाही ती काय उगीच?

तुझ्या घरी जाऊन आले. अर्चना बारावीला आहे, तुझ्यासारखीच सरळ बघते. तुझे मालक बाहेर बाजेवर बसून होते, मला पाहून उठले. त्यांना मी काय सांगणार? अर्चनाला म्हटलं, आईनं माझ्यावर फार राग धरला होता का गं? ती म्हणाली, "न्हाई. आई ते पुस्तक मला सारखं वाचाया लावायची. तुमचं आन् मामाचं. म्हनायची, लई चांगलं लिवलंय म्याडमनी." मग म्हणाली, "खालची वळ वाचू नको म्हनायची." मी तिथून कशी उठले ते मला आठवत नाही.

काल हॉलमध्ये शोकसभा घेतली. पालक आले, संचालक आले. मी भाषण लिहून नेलं होतं. त्यातही मी तुला 'लोकपरंपरेची उपजत जाण असलेल्या' असं काहीतरी केलं होतं, सवय जात नाही मेली. उभी राहिले, कागद बाजूला ठेवला आणि सांगून टाकलं. की सुदामती ऊस तोडायची. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढायची, आणि तुमच्या पोरींना तोल तिनं शिकवला. मी शिकवला नाही, मला येत नव्हता, मी तीनदा नापास झालेली बाई आहे. आणि हे मी तुमच्यापासून लपवलं, तुम्ही पोरी काढून घ्याल म्हणून.

मग एका संचालकांच्या सूनबाई उठल्या. त्यांचीच मला सगळ्यात धास्ती होती, त्यांची पोर गेली की दहा पोरी जातील असं माझं गणित होतं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मॅडम, हे तुम्ही आज सांगताय व्हय? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आमच्याच फडावर होत्या की त्या. मी स्वतः बघितलं त्यांना फळी चढताना, म्हणून तर पोरीला वर्गात घातलं." मागून दोघी-तिघी म्हणाल्या, हो, आम्हालाही माहीत होतं. एकीनं तर विचारलं, "पुस्तिकेत त्यांचं नाव विसरलात होय? आम्हाला वाटलं छपाईची चूक."

म्हणजे भीती पालकांची नव्हतीच, सुदामती. लाज माझीच होती. माझ्या सात वर्षांच्या मुंबईखाली तुझा ऊस छापला असता, तर दोन्हींतलं खरं कोणतं ते लोकांना दिसलं असतं, याची. तू विचारलं होतंस, कुनी म्हनलं का. मीच म्हणत होते गं. दुसरं कुणीच नाही.

आज सोमवार, तास होता. तुझा अर्धा तास रिकामा कसा ठेवायचा, म्हणून मी पुढं झाले. म्हटलं, मी करून दाखवते, बघा. एक पाय उचलला, हात सोडले. मामांनी चाल धरली. मी तीनपर्यंत पोहोचले असेन, नसेन, झोक गेला आणि मी दोन्ही हातांनी दांडी धरली. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्ताची सगळ्यात धाकटी पुढं आली, माझ्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, तुम्ही हातानं धरलं."

"हो गं," मी म्हटलं. "मला शिकवणारी बाई गेली."